भोंग्यामागचा माणूस : नानिक मोटवाने, चिमूर आणि झाडीपट्टीची रात्र

स्वातंत्र्यापूर्वीच्या किंवा त्यानंतरच्या पहिल्या दशकातील मोठ्या जाहीर सभांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिलेली आहेत. व्यासपीठावर नेहरू उभे आहेत, कधी पटेल, कधी गांधीजी पाय दुमडून बसलेले आहेत. आपली नजर अर्थातच चेहऱ्याकडे जाते. पुढच्या वेळी ती जरा खाली आणा आणि तोंडासमोरचा माईक पाहा. पुष्कळ छायाचित्रांत त्या माईकवर एक लहानशी पाटी दिसेल आणि तिच्यावर इंग्रजी अक्षरांत ‘शिकागो’ किंवा ‘शिकागो रेडिओ’ असे नाव असेल.

विदेशी मालावर बहिष्कार घालणाऱ्या पुढाऱ्यांपुढे अमेरिकेतील शहराचे नाव कसे, हा प्रश्न अनेकांना पडतो. उत्तर मुंबईत आहे. ‘शिकागो रेडिओ’ ही मुंबईतील एका सिंधी कुटुंबाची कंपनी. तिला हे नाव मिळाले ते शिकागो टेलिफोन सप्लाय या अमेरिकन कंपनीच्या मालाच्या व्यापारामुळे. पुढे व्यापार बदलला, नाव मात्र राहिले. त्या कुटुंबातील नानिक मोटवाने (१९०२–१९७०) हा आजच्या धाग्याचा नायक आहे.

हा धागा मी चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीतून लिहितो आहे. मुंबईच्या या उद्योजकाविषयी इथल्या माणसाने लिहावे याला दोन कारणे आहेत. दिवाळी ते होळी इथल्या रात्री भोंग्याच्या आवाजावर जागतात, हे एक. दुसरे कारण १९४२ सालच्या चिमूरचे आहे. ते सांगण्याआधी मात्र आवाजाचे थोडे गणित समजून घ्यावे लागेल.

माणसाचा आवाज मोकळ्या मैदानात फार लवकर मरतो. अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी ६ डेसिबलने घटते. एखादा वक्ता घसा ताणून बोलला आणि त्याच्यापासून १ मीटरवर पातळी ८० डेसिबल धरली, तर ६४ मीटरवर ती ४४ वर येते. म्हणजे गर्दीतील नुसत्या कुजबुजीने ती झाकली जाते. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात फिलाडेल्फियात व्हाइटफील्ड नावाच्या धर्मोपदेशकाचे प्रवचन चालू असताना मागे मागे चालत जाऊन त्याचा आवाज कुठवर पोहोचतो हे पाहिले आणि हिशेब मांडला की ३०,००० माणसांना तो ऐकू जाऊ शकेल. व्हाइटफील्डचा गळा अपवादात्मक होता. गांधीजींचा मुळीच तसा नव्हता. ते हळू, सपाट स्वरात, बोलावे तसे बोलत. ज्या चळवळीचा आधार लाखोंची उपस्थिती हा होता, तिच्या नेत्याचे शब्द पुढच्या काही रांगांपलीकडे जात नव्हते. मागचे लोक दर्शन घेत आणि भाषणाचा मजकूर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचत, किंवा वाचता येणाऱ्याकडून ऐकत.

तंत्रज्ञानाच्या बाजूने पाहिले तर उत्तर तोवर जन्मलेले होते. पीटर जेन्सन हा डॅनिश तंत्रज्ञ आणि त्याचा अमेरिकन सहकारी एडविन प्रिडहॅम यांनी कॅलिफोर्नियातील नापा गावी चुंबकाच्या क्षेत्रात हलणाऱ्या तारेच्या गुंडाळीला कर्णा जोडला आणि १९१५ साली आवाज दूरवर फेकून दाखवला. त्याला त्यांनी ‘मॅग्नाव्हॉक्स’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘महाध्वनी’, असे नाव दिले. १९१९ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन सॅन दिएगोच्या मैदानात सुमारे ५०,००० लोकांशी बोलले ते याच यंत्रातून. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी कागदी शंकूचा ध्वनिक्षेपक सिद्ध केला. तुमच्या-माझ्या घरातील बहुतेक स्पीकर त्याचेच वंशज. पाठोपाठ बेल प्रयोगशाळेतील वेंटे आणि थुरास यांनी कर्ण्यामागे बसवायचे कार्यक्षम युनिट तयार केले.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. कर्ण्याचा शोध नानिक मोटवाने यांनी लावला नाही. समाजमाध्यमांवर अधूनमधून तसे फिरते, त्यावर विश्वास ठेवू नये. त्यांनी रचना केली ती वेगळ्या गोष्टीची, भारतीय सभेच्या आवाजाची. विजेचा खांब नसलेल्या मैदानात, धुळीत, उन्हात, लाखाच्या गर्दीत एका हळू बोलणाऱ्या माणसाचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट कसा न्यायचा, या प्रश्नाचे तयार उत्तर कोणत्याही परदेशी कंपनीच्या माहितीपत्रकात नव्हते. माझ्या मते ही रचना यंत्राच्या शोधाइतकीच मोलाची आहे, आणि आपल्याकडे तिची नोंद फारच थोड्या ठिकाणी होते.

कुटुंबाची कथा सिंधमध्ये सुरू होते. वडील ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सक्कर येथे विजेच्या सामानाचा व्यवसाय काढला. १९१२ मध्ये तो कराचीला आणि १९१९ मध्ये मुंबईला आला. आधी टेलिफोन, मग रेडिओ असा पसारा वाढत गेला. १९२९ च्या सुमारास नानिक यांनी एका सभेत गांधीजींना आपला आवाज लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी धडपडताना पाहिले आणि त्याच वेळी मनाशी निश्चय केला, अशी हकीकत त्यांच्या कुटुंबात सांगितली जाते. परदेशी उपकरणे मागवायची, ती खोलायची, इथल्या हवेला आणि वापराला झेपतील असे बदल त्यांत करायचे, असे काम सुरू झाले.

पहिली मोठी कसोटी १९३१ च्या मार्चमधील कराची काँग्रेस. तो प्रसंग नीट आठवा. २३ मार्चला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव फासावर गेले होते. गांधी-आयर्विन करार मंजूर व्हायचा होता. तरुण संतापलेले होते, गांधीजींचे स्वागत काळ्या निशाणांनी झाले होते. अध्यक्षपदी वल्लभभाई पटेल होते. याच अधिवेशनात मूलभूत हक्कांचा ठराव झाला, ज्याचे धागे पुढे थेट आपल्या राज्यघटनेपर्यंत येतात. अशा क्षुब्ध समुदायापुढे मांडलेला युक्तिवाद अर्धवट ऐकू येणे किती धोक्याचे होते, हे सांगायला नको. या अधिवेशनात शिकागो रेडिओचे ध्वनिक्षेपक लागले आणि त्यानंतर काँग्रेसची अधिवेशने व मोटवाने यांचे कर्णे हे समीकरण होऊन बसले.

आता कर्ण्याकडेच वळतो, कारण त्याच्याविषयी मला वाटणारे आकर्षण लपवण्यात अर्थ नाही. आमच्याकडे त्याला सरळ ‘भोंगा’ म्हणतात. हा शब्द जरा हेटाळणीचा झाला आहे, पण त्या पत्र्याच्या फुलात भौतिकशास्त्राचा एक सुंदर विचार आहे. युनिटमधील पडदा अगदी लहान असतो. तो थेट मोकळ्या हवेत हलला तर हवा त्याला जुमानत नाही. पंख्याच्या पात्याऐवजी सुईने वारा घालावा तसे होते. कर्णा मध्ये आला की पडद्याजवळ हवेचा निमुळता, घट्ट स्तंभ मिळतो, तो क्रमाक्रमाने रुंदावत जातो आणि पडद्याची सगळी शक्ती बाहेरच्या हवेला सोपवतो. घरातील साधा स्पीकर १ वॅट शक्तीवर १ मीटर अंतरावर साधारण ८८ डेसिबल देतो. चांगला भोंगा तेवढ्याच शक्तीत १०५ ते ११० देतो. २० डेसिबलचा फरक म्हणजे १०० पट शक्ती. ज्या काळात काचेच्या व्हॉल्व्हचे अँप्लिफायर जेमतेम काही दहा वॅट देत आणि तेही बॅटरीवर किंवा डिझेलच्या जनरेटरवर चालवावे लागत, त्या काळात भोंगा नसता तर मैदानी सभेला आवाजच नसता.

कर्णा लांब असावा लागतो, नाहीतर खालचे स्वर गळतात. लांब कर्णा वाहून नेणे कठीण. म्हणून त्याची घडी घातली गेली. आवाज आधी पुढे येतो, मग आतल्या आत मागे वळतो आणि पुन्हा पुढे येऊन बाहेर पडतो. भोंग्याच्या मधोमध दिसणारी ती लहान टोपी म्हणजे या वळणाची जागा. या घडीमुळे युनिट मागे सुरक्षित राहते आणि पावसाचे पाणी थेट आत जात नाही.

त्याचा दोषही सांगितला पाहिजे. साधारण ३०० हर्ट्‌झच्या खालचे स्वर भोंगा फारसे देत नाही. तबला पत्र्यावर वाजल्यासारखा ऐकू येतो, भारदस्त गळा नाकातून बोलल्यासारखा. पण शब्द ओळखू येतात ते व्यंजनांमुळे, आणि त्यांचा मुख्य प्रांत १००० ते ४००० हर्ट्‌झचा, भोंग्याचा अगदी हुकमी. हे यंत्र संगीताचे नव्हे, शब्दाचे आहे. गांधीजींच्या सपाट, संथ बोलण्याला ते विलक्षण मानवले.

नुसते भोंगे टांगून मात्र भागत नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. व्यासपीठापासून १७० मीटरवर दुसरा भोंगा लावला तर त्याच्याजवळच्या श्रोत्याला जवळचा शब्द आधी आणि व्यासपीठाकडचा अर्ध्या सेकंदाने नंतर ऐकू येतो. दोन्ही एकमेकांवर आदळतात. म्हणून भोंग्यांची तोंडे कोणत्या दिशेला, किती उंचीवर, किती अंतराने ठेवायची, याचा आराखडा सभेआधी करावा लागतो. बांबू कुठे रोवायचे, तारा कुठून न्यायच्या, एक अँप्लिफायर बसला तर दुसरा किती वेळात जोडायचा, हे सगळे त्यात येते. नेत्याच्या तोंडून शब्द बाहेर पडल्यावर चूक सुधारायला वेळ नसतो.

हे ज्ञान मला पुस्तकाआधी माझ्या काकांकडून मिळाले. नागभीड तालुक्यातील आमच्या गावी त्यांचा माईक भाड्याने देण्याचा धंदा होता. लग्न, हरिनाम सप्ताह, निवडणूक, शंकरपट, नाटक, सगळीकडे तेच. बैलबंडीत भोंगे, बॅटरी आणि मधोमध जुन्या गोधडीत गुंडाळलेला अँप्लिफायर. ‘माईक आला का जी?’ हा प्रश्न वरात आली का, याच्या आधी विचारला जाई. काका शिकलेले चौथीपर्यंत. पण मंडपात शिरले की ते एकदा टाळी वाजवत, कान देत, आणि मग भोंगा कुठे बांधायचा ते सांगत. कवेलूच्या घरांच्या ओळीकडे तोंड करू नये, आवाज परततो. भाताच्या मोकळ्या बांध्यांकडे करावे. वाऱ्याची दिशा पाहावी. हे त्यांना कुणी शिकवले असे विचारले की ते त्यांच्या उस्तादाचे नाव घेत, आणि त्या उस्तादाने नागपूरच्या कुणा जाणत्याचे. ही परंपरा मागे मागे नेली तर ती कुठेतरी त्या १९३० च्या दशकातील मैदानांवर जाऊन पोहोचते, असे मला नेहमी वाटते.

आता चिमूर.

१९४२ मध्ये आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे मिळून एकच ‘चांदा’ जिल्हा होता. गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. ८ ऑगस्टला मुंबईत ‘चले जाव’चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले. चिमूर परिसरात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी वातावरण आधीच तापलेले होते. त्या काळचे इथले ध्वनितंत्र म्हणजे खंजिरी, गळा आणि कोतवालाची दवंडी, आणि तेवढ्यावर ही सगळी लोकजागृती झाली हे ध्यानात घ्यावे. १६ ऑगस्ट, नागपंचमीचा दिवस. मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा हुतात्मा झाला. संतप्त जमावाच्या हातून ४ सरकारी माणसे मारली गेली. रस्ते अडवले गेले, पूल तोडले गेले. तीन दिवसांनी फौज गावात शिरली. घरोघरी अटकसत्र झाले, पुरुष पकडून नेले गेले आणि मागे राहिलेल्या स्त्रियांवर अत्याचार झाले.

याची बातमी बाहेर जाऊ नये अशी व्यवस्था सरकारने केली होती. वर्तमानपत्रांवर बंधने होती. पुढे सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी यांनी चिमूरच्या चौकशीसाठी ६३ दिवसांचे उपोषण केले, ते १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. त्या उपोषणाची बातमी छापण्यावरही बंदी आली आणि तिच्या निषेधार्थ देशभरातील वृत्तपत्रांनी ६ जानेवारीला अंक बंद ठेवले. जंगलाच्या कुशीतील एक गाव, तोडलेले रस्ते, बंद केलेली छापखान्यांची तोंडे. चिमूरला आवाज नव्हता.

पण २७ ऑगस्ट १९४२ पासून मुंबईत ४२.३४ मीटरवर एक गुप्त नभोवाणी सुरू झाली होती. तिचे नाव काँग्रेस रेडिओ. ती चालवणाऱ्या उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. पोलिसांच्या शोधयंत्रणेला चुकवत हे केंद्र मुंबईत एका घरातून दुसऱ्या घरात फिरत होते. राममनोहर लोहियांसारखे भूमिगत नेते तिच्या पाठीशी होते. चितगावची बाँबफेक, जमशेदपूरचा संप आणि आष्टी-चिमूरचे अत्याचार या बातम्या वर्तमानपत्रांना शिवता येत नसताना लोकांपर्यंत या केंद्राने नेल्या, असे उषाबेनांनी पुढे सांगितले आहे. चिमूरपासून मुंबई हवाई अंतराने सुमारे ७०० किलोमीटर. ज्या गावाची हाक शेजारच्या तालुक्यात जाऊ नये म्हणून बंदोबस्त होता, त्याची हकीकत मुंबईच्या एका बंद खोलीतून आकाशात गेली.

या केंद्राला उपकरणे आणि तंत्रज्ञ कुणी दिले, तर शिकागो रेडिओच्या नानिक मोटवाने यांनी, हेही उषाबेनांनीच कृतज्ञतेने नोंदवले आहे.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी प्रक्षेपण चालू असतानाच धाड घातली. गटातील एका तंत्रज्ञाने माहिती फोडली होती. उपकरणांबरोबर काँग्रेस अधिवेशनाची छायाचित्रे आणि ध्वनिचित्रपट असलेल्या २२ पेट्या जप्त झाल्या. खटला पाच जणांवर चालला, त्यांत नानिक मोटवाने होते. १९४३ मध्ये निकाल लागला. बाबूभाई खाकर यांना ५ वर्षे, उषा मेहता यांना ४ वर्षे, चंद्रकांत झवेरी यांना १ वर्ष. विठ्ठलदास झवेरी आणि नानिक मोटवाने निर्दोष सुटले.

इथे मी क्षणभर थांबतो, कारण इतिहास आवडणाऱ्या मंडळींत उद्योजकांविषयी एक सरसकट शंका असते आणि ती बहुधा योग्यही असते. सभेला भोंगे पुरवण्यात प्रसिद्धी होती. कंपनीचे नाव प्रत्येक छायाचित्रात झळकत होते, आणि नेहरूंपुढच्या माईकवरील पाटीइतकी उत्तम जाहिरात पैशाने मिळाली नसती. नानिक यांना हे कळत नव्हते असे समजण्याइतके आपण भाबडे नसावे. पण १९४२ च्या शरद ऋतूत गुप्त प्रक्षेपक उभारायला मदत करण्यात कोणती जाहिरात होती? युद्ध चालू होते. बिनतारी यंत्रांवर कडक नियंत्रण होते. परवाना काढून घेतला तर तीन शहरे फिरून उभा राहिलेला बापाचा धंदा एका हुकमात संपला असता. त्या पेटीवर ‘शिकागो’ची पाटी लावायची नव्हती. कराचीच्या मैदानापेक्षा मला नानिक मोटवाने या बिनपाटीच्या पेटीत अधिक दिसतात.

स्वातंत्र्यानंतर भोंगा सर्वांचा झाला. त्यात एक प्रसंग आमच्या जिल्ह्याचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा दिल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर चंद्रपूरला आले आणि १६ ऑक्टोबरला त्यांनी इथे दीक्षा दिली. त्यांची प्रकृती तेव्हा पार खालावलेली होती. जेमतेम पावणेदोन महिन्यांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दीक्षेचा विधी असा की एकेक प्रतिज्ञा उच्चारायची आणि समोरच्या अथांग समुदायाने ती पाठोपाठ म्हणायची. मागच्या रांगेतील माणसाला ती पुढच्या रांगेइतकीच स्पष्ट आणि त्याच क्षणी ऐकू आली पाहिजे. एकानेही ती दुसऱ्याकडून ऐकून म्हणायची नाही. शतकानुशतके ज्यांना ऐकण्याचाच अधिकार नाकारला होता, त्यांच्यासाठी या बारकाव्याचा अर्थ किती मोठा होता! भाषणांच्या इतिहासात आपण शब्द जपतो. ते शब्द किती जणांच्या कानांवर पडले आणि कसे पडले, हा वेगळा इतिहास कुणीतरी सविस्तर लिहायला हवा.

आणि झाडीपट्टी. बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडी. इथल्या दंडार, खडी गंमत या लोककलांच्या कुशीत वाढलेली झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीनंतर जागी होते. धान घरी आलेले असते, गावोगाव शंकरपट भरतात आणि पटाच्या रात्री नाटक असते. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या मंडळ्यांचे केंद्र. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेकांनी हे नाव प्रथम ऐकले.

या नाटकातील अभिनयशैलीवर ‘भडक’ असा शिक्का मारला जातो. मला ती टीका अर्धवट वाटते. वर टांगलेल्या माईकखाली पात्र येते, वाक्य फेकते, बाजूला होते, दुसरे पुढे येते. शब्द सुटे, व्यंजने ठसठशीत, वाक्याचा शेवट चढा. ही शैली भोंग्याच्या स्वभावातून घडलेली आहे. जो पडदा ३०० हर्ट्‌झखालचे काही देत नाही, त्याच्यासाठी पुटपुटणारा सूक्ष्म अभिनय कुचकामी. झाडीच्या नटाने यंत्र ओळखले आणि गळा त्याच्याशी जुळवून घेतला. गायक नटाने तर आणखी कसरत केली. नाट्यपदाची तान भोंग्यातून कर्कश होऊ नये म्हणून माईकपासून किती मागे सरायचे, हे त्याला पावलांत पाठ असते.

आता मंडपात उंच पेट्यांचे स्पीकर आले आहेत. छातीत धडकणारा खर्ज हे त्यांचे वैशिष्ट्य. संगीत त्यांतून निःसंशय चांगले ऐकू येते. तरी शेवटच्या रांगेपलीकडे, सायकल स्टँड, चहाची दुकाने, रस्त्याचे वळण इथे अजून भोंगेच असतात. शब्द तिथवर नेण्याचे काम पेट्यांना स्वस्तात जमत नाही.

दुसरीकडे कायदा आहे, आणि तो योग्य आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. शहरातील रुग्णाला, परीक्षेला बसलेल्या मुलाला या नियमाने झोप दिली. पण झाडीपट्टीचे नाटक सुरू होते तेच मुळी या घटिकेला, आणि इथे ‘मध्यरात्र’ म्हणजे पहिला अंक. शेकडो कलावंतांचे, पेटीवाल्यांचे, पडदेवाल्यांचे पोट या चार महिन्यांवर आहे. झोपेचा हक्क आणि जागण्याची परंपरा यांत मी कोणाच्या बाजूने आहे, हे विचाराल तर माझे मन सरळ नाटकाकडे ओढते. मात्र भोंगा कुठल्याही गोष्टीसाठी, कुणाच्याही खिडकीत, कितीही वाजता ओरडू शकतो, आणि हे यंत्र ज्याच्या हाती असेल त्याचा आवाज मोठा करते, ऐकणाऱ्याची संमती विचारत नाही, हेही मला ठाऊक आहे. नानिक मोटवाने यांच्या काळात प्रश्न ऐकू न येण्याचा होता.

नानिक १९७० मध्ये गेले. मोटवाने हे नाव आज नाशिकच्या कारखान्यातील विद्युत चाचणी-उपकरणांवर दिसते. गावोगावच्या भोंग्यांवर आता बहुतेक ‘आहुजा’ लिहिलेले असते. ती १९४० मध्ये दिल्लीत सुरू झालेली दुसरी भारतीय कंपनी. रचना मात्र तीच आहे, घडी घातलेले पत्र्याचे फूल, मागे गोल युनिट, मधोमध टोपी. भ्रमणध्वनी तीन वर्षांत जुना ठरतो, आणि ही वस्तू जवळपास शतकभर आपला आकार बदलायला तयार नाही.

काकांनी धंदा मुलाकडे सोपवला तेव्हा जुने पितळी फिटिंगचे सगळे सामान भंगारात गेले, फक्त दोन भोंगे उरले. गेल्या हंगामात त्यांतील एकाचा डायफ्राम फाटला. चुलतभावाने नागपूरहून नवा आणला, काकांनी चष्मा लावून तो स्वतः युनिटमध्ये बसवला आणि पटाच्या रात्री मंडपाबाहेरच्या मोहाच्या झाडावर तो भोंगा चढवायला लावला. तोंड मात्र मंडपाकडे नको म्हणाले, तळोधीच्या रस्त्याकडे करा, धानाची मळणी आटोपून उशिरा निघालेली माणसे त्याच वाटेने येतात आणि नांदी संपायच्या आत त्यांना कळायला पाहिजे की नाटक सुरू झाले आहे.